सही

मखमलाबादहून सिव्हिलला जायला
तेव्हा दोन बस बदलाव्या लागत.
दुसऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसले
आणि तिकिटाची इतकी बारीक घडी घातली
की चेकरनं मागितलं तेव्हा उलगडताना फाटलं.

तुला हे सांगायचं राहून गेलंय, शर्वरी.

तू सातवीत होतीस, भैय्या पाच वर्षांचा.
त्याच्या वेळचं तुला आठवत नसणार:
रक्ताच्या तीन बाटल्या,
आणि व्हरांड्यात तुझे पप्पा,
अंबडच्या कंपनीचा निळा शर्ट उलटा घातलेला.
नंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.
पुन्हा पाळी चुकली
तेव्हा मी दिवस मोजले नाहीत,
बाटल्या मोजल्या.

पप्पा जेवत होते.
भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले,
"तू ठरव."
चांगला माणूस. अजूनही म्हणते.
पण त्या दोन शब्दांनी
दार उघडलं की लोटून घेतलं,
हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आत्या म्हणाली, अगं, बागेत विरळणी करतोच ना आपण,
चार मणी काढले की बाकीचे फुगतात.
त्या हंगामात मी रोज दुसऱ्यांच्या बागेत
कात्री चालवत होते,
मान आखडलेली, नखं हिरवी.
म्हटलं, नको वन्सं. द्राक्ष ते द्राक्ष.
ह्याला दुसरं काही म्हणायचं नाही.

भिंतीवर पाटी होती,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
तिच्याखाली बाकावर आम्ही सहाजणी.
कुणी कुणाला कितवा महिना विचारत नव्हतं.
एकीनं मला मूठभर शेंगदाणे दिले,
मी खाल्ले. भूक लागली होती.
तेही जरा चोरटंच वाटलं.

डॉक्टरीणबाईंचं आडनाव पगार.
कळवणकडच्या असाव्यात, बोलणं आपल्यासारखं.
मी आधीच सांगून टाकलं,
मालक कामावर आहेत, सहीला उद्या आणते.
त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.
"त्यांची लागत नाही. तुमची लागते."

शाळेचा दाखला, गॅस, रेशन, बचत गटाचं कर्ज,
सगळीकडे माझ्या नावाखाली
आणखी एक रेघ असायची.
ह्या कागदावर एकच.
मी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं,
मंदा निवृत्ती काकड.
पप्पा मधे आलेच.
पण मधेच.

तिसऱ्या दिवशी दुखायला लागलं.
तू चहा केलास, साखर विसरलीस.
काय होतंय विचारलंस, मी पित्त म्हटलं.
रडले का? रडले.
चुकलं म्हणून नाही.
कशासाठी, ते शोधत बसले नाही,
भांडी तशीच होती.
आणि त्या रात्री, पाच वर्षांत पहिल्यांदा,
कूस न बदलता झोपले.

आता तू एकोणीसची.
दर महिन्याला पोट धरून लोळतेस, कॉलेज बुडतं,
शेजारणी सांगतात, लग्न झालं की जातं.
म्हणून आज गंगापूर रोडला आलो.
इथे लिफ्ट आहे, एसी आहे, माशांची काचपेटी आहे.
पाटी तीच.

सिस्टरनं नाव पुकारलं. मी पर्स उचलली.
तू म्हणालीस, "आई, तू बस ना बाहेर."
एवढंसं. हळूच. पण म्हणालीस.

बसले.

दारातून परत आलीस, फॉर्म हातात,
पेन मागितलंस.
दिलं.

टोपण माझ्याकडेच राहिलंय.
बाहेर आलीस की देते.
हेही,
जमलं तर.