जोख

दिवाबत्तीच्या वेळी येते
इसरू मडावीची दीपमाला,
ओढणीत गुंडाळलेलं कबुतर घेऊन.
"काकाजी, याले जोखा न."

पहिल्या दिवशी, टोपीचं वजन वजा करून,
दोनशे दहा.
छातीचं हाड इतकं वर आलेलं
की बोटाला विळ्याची धार लागावी.
घाटंजीचा ढोरांचा डॉक्टर म्हणे,
पाखराचं मले काय समजते.

मग तिनंच ठरवलं.
रात्री भिजवलेली मसूर, सोलून,
एकेक दाणा चोचीत.
गुळाचं कोमट पाणी ड्रॉपरनं:
थेंब, थांब, थेंब.
खोक्यात बल्ब. लाईन गेली
की चुलीतल्या राखेचं गाडगं, फडक्यात बांधून.
मधल्या सुट्टीत शाळेतून धावत यायची,
शीट अजून हिरवीच आहे का बघायला.

मी कॅलेंडरवर लिहीत गेलो
दुधाच्या हिशोबाशेजारी.
दोनशे आठ. (त्या दिवशी दोघंही बोललो नाही.)
दोनशे बारा. दोनशे बारा.
दोनशे सतरा.
पाच ग्रॅम म्हणजे काय,
जिऱ्याच्या पुड्या बांधणाऱ्याले विचारा.

काल टोपीत बसेचना.
काट्यावर आकडे सैरभैर,
एकशे चाळीस, तीनशे, शून्य,
आणि पंखांच्या फडफडीनं
तिखटाचा डबाच आडवा.
मला ठसका, तिला हसू.
ते जाऊन बसलं बिस्किटांच्या बरणीवर,
मान वाकडी करून आम्हालाच जोखत.

"लिहा न, काकाजी."
काय लिहू?
कालच्या चौकोनात एवढंच आहे:
तिखट सांडलं, पाव किलो.