गव्हाच्या आधी

सेलूत साडेपाचला मी शटर वर करतो
तर दैवशाला पायरीवर बसलेली असते.
मांडीवर डबा, डब्यात दगडी ज्वारी,
झाकणावर नेलपॉलिशनं लिहिलेलं: गहू नको.

पहिल्यांदा आली तेव्हा विचारलं होतं,
'भाऊ, चक्कीचा दगड धुता येतो का?'
मी हसलो.
अब्बांच्या हाताखाली धरून बावीस वर्षं दळतोय,
दगड धुवायला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हटलं, 'किलोभर ज्वारी आधी सोडू, पुसून निघंल.'
तिनं पिशवीतून कागद काढला, नांदेडच्या दवाखान्याचा.
मला कळलं ते एवढंच:
वय सात, वजन चौदा किलो.

चौदा किलो.
एवढे गहू तर रोज कुणी ना कुणी
माझ्या काट्यावर ठेवून बाजाराला जातं.

मग म्हणाली, पोरीच्या आतड्याला
गव्हातला चिकटपणा सोसत नाही.
तोच, जो पोळीला तव्यावर फुगवतो,
पुरणाला फुटू देत नाही,
ज्याच्यासाठी बायका माझ्याशी भांडतात,
'पीठ जळालं भाऊ तुमचं, ताणतच नाही.'
औषध नाही त्याला. जेवण हेच औषध,
आणि ते जन्मभर.

त्या दिवशी मी भिंत बघितली.
भिंत पांढरी, पंखा पांढरा, पट्टा पांढरा,
आरशात माझ्या भुवया पांढऱ्या.
किती घरांच्या ताटात
मी न बोलावता जाऊन बसलोय.

आमच्या भागात भाकरी रोजची,
पोळी पाहुण्याची.
पोळीला नको म्हणणं म्हणजे माणसाला नको म्हणणं.
वर्गातला केक नको, पूजेचा शिरा नको,
वरणातल्या हिंगाचंही डबीवरचं बारीक वाचलं
तर त्यात गव्हाचं पीठ.
सासू म्हणाली, 'एका घासानं काय होतंय?'
दैवशाला बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या ताटातली पोळीही बंद केली,
पोरीशेजारी बसून भाकरी मोडते.

थंडीत मी मागची खोली रिकामी केली.
छोटी चक्की आणली, दगडाला टाकी स्वतः मारली,
दोन दिवस डोळ्यांत कच.
ह्या दगडानं गहू अजून बघितलेला नाही.
आत जाताना सदरा बदलतो, हात धुतो.
गिऱ्हाईकं म्हणतात, 'जब्बार, सोवळं पाळायला लागलास का?'
म्हणतो, 'हो. ज्वारीचं.'

प्रांजली आली की आधी काट्यावर चढते.
पंधरा दोनशे. पंधरा नऊशे.
मग जिंतूरच्या लग्नात कुणीतरी मायेनं
बुंदीच्या नावाखाली रव्याचा लाडू भरवला.
परत पंधरा.
दैवशाला त्या दिवशी डबा घेऊन गेली
तशी रस्त्यापर्यंत वळून बघितलं नाही.

ईदला शीरखुर्मा पाठवायची आमची रीत.
यंदा शेवया आल्याच नाहीत घरात,
तांदूळ भिजवले, दूध आटवलं, चारोळी, खजूर.
नव्या डब्यात भरून मीच घेऊन गेलो.
प्रांजली वाटी घेऊन तयार.
दैवशालानं झाकण उघडलं, वास घेतला,
डोळे भरले तिचे, तरी हात आडवा ठेवून
विचारलंच,

'भाऊ, ढवळायला चमचा कुठला होता?'