मार्केट यार्ड, सहा ते साडेआठ

हळदीचे सौदे संपतात, हमालांच्या पाठी सरळ होतात,
तेव्हा सत्तावीस नंबरच्या गाळ्याचं शटर मी अर्धं वर करतो.
अर्धंच. पुढं ते घासतं,
आणि शेजारचे मगदूम शेठ म्हणतात, "भरली तुमची शाळा."
शाळा नाही ही. चार सतरंज्या, एक फळा,
कुणीतरी आईच्या वर्षश्राद्धाला दिलेला पंखा,
पात्यावर तिचं नाव.
फिरताना दिसत नाही, बंद पडला की दिसतं.

बत्तीस वर्षं मी कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो.
उसाची गाडी यायची, मी आकडा लिहायचो.
आता आकडे पोरं लिहितात,
आणि चुकले तरी कुणी भांडायला येत नाही.

वह्या पिवळ्या. बोटं पिवळी. खोडरबर पिवळं.
सुकुमारच्या नकाशात अख्खा महाराष्ट्र पिवळा.
"रंगवायची गरजच न्हवती, गुरुजी."
मी पैकीच्या पैकी दिले.

जूनमध्ये कॉलेजची पंधरा मुलं शिकवायला येतात,
दिवाळीनंतर चार.
नावं ठेवत नाही. त्यांच्याही परीक्षा असतात,
त्यांच्याही घरी कुणीतरी विचारतं, यातनं मिळतं काय?
ऋजुता येते अजून आष्ट्याहून,
साडेआठची एसटी रोज थोडक्यात गाठते.

मध्ये देणगीदार आले. पाहुणे पाच, शाल एक.
फोटोवाला म्हणाला, पुस्तकं उघडा, हसा.
वीरेशनं पुस्तक उलटं धरलं, मुद्दाम.
तोच फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आला.
बाकं अजून यायची आहेत.

एका बुधवारी अपूर्णांक चालले होते.
सव्वा किलोची दीडपट किती?
पोरं छताकडे बघायला लागली.
पायरीवर रहिमतबी बसली होती, लेकीला न्यायला आलेली,
दिवसभर हळकुंडं निवडून नखं केशरी झालेली.
मान वर न करता म्हणाली,
"पावणेदोन, आन वर अदपाव."
मी फळ्यावर करून पाहिलं. दोनदा.
"कुणी शिकवलं?"
"शेठनं. मजुरी कमी द्यायचा, मग शिकले."

म्हटलं, दर बुधवारी या, पोरांना सांगा.
"पगार?"
"नाही."
"मग हजेरी कशाला घेता?"
बत्तीस वर्षांच्या हिशेबात याचं उत्तर सापडेना.
तरी ती येते. सही करत नाही,
रकान्यात मीच एक टिंब देतो.

वीरेश जानेवारीपासून नाही.
कुणी म्हणतं मामाकडं गेला, कवठेमहांकाळला, द्राक्षाच्या पेट्या भरायला.
दोनदा त्याच्या खोलीवर जाऊन आलो. कुलूप.
एकोणीस नंबर मी अजून पुकारतो.
"येणाराय," पोरं एका सुरात म्हणतात,
जसं काय आत्ताच कोपऱ्यावर दिसला.

भिंतीवर पुराची रेघ आहे, कृष्णामाईनं आखलेली,
माझ्या खांद्याला लागते.
पोरं तिला पाठ लावून उंची मोजतात.
परवा महेजबीन वर गेली, चांगली दोन बोटं.
टाळ्या पडल्या. ऋजुतानं खडूनं तारीख घातली.
रहिमतबी नुसती बघत राहिली,
मग म्हणाली, "पाणी बी वाढतंय की गुरुजी, पोरींसारखं."

तेवढ्यात लाइट गेली.
पंखा फिरत फिरत थांबला.
कुणीतरी मोबाईलचा उजेड वर धरला,
आणि बालवाडीतून नुकताच आलेला संमेद
बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावू लागला:
कै. सौ. प... प... पद्मावती.
जोडाक्षरासकट, पहिल्यांदाच.
सगळे ओरडले.
"गुरुजी, कै म्हंजे काय?"

मी म्हणालो, बुधवारी सांगतो.