दोनशे चारची वाटी

रात्रीचे दोन. डब्लिनमधले पबसुद्धा मिटलेत.
तळघरात पंपांची घरघर
आणि डर्व्हला मुल्क्रोनची गार झालेली कॉफी.

पडद्यावर फेल्डस्पारचा कण.
मोहरीहून लहान, कडा मोडलेल्या,
दुधात चहाचा थेंब पडावा तसा रंग.
ती जागा शोधते,
भेग टाळून, डाग टाळून,
म्हाताऱ्या हातावर नर्स शीर शोधते तशी.

मग लेझर.
डोळ्याला न दिसणारा उजेड,
सेकंदाला पाच ठोके.
दगडाची धूळ उठते, धूळ कसली, धुळीची अफवा,
ती हेलियम उचलतो
आणि सूर्याच्या अंगाहून तापलेल्या ज्योतीत
लोटून देतो.
पुढे चुंबकाचं वळण.
हलके आतून वळतात, जड बाहेर फेकले जातात.
दोनशे चार, दोनशे सहा, दोनशे सात, दोनशे आठ.
शिशाची चार भावंडं,
ज्याची त्याची वाटी वेगळी.

दोनशे चार सगळ्यांत गरीब.
युरेनियम मेलं तरी त्याच्या वाट्याला काही येत नाही,
थोरियम मेलं तरी नाही.
पृथ्वी झाली तेव्हा जेवढं होतं, तेवढंच.
म्हणून तर बाकीच्यांना त्याच्यावर तोलायचं.
आणि नेमका त्याच्याच पाटावर
पारा येऊन बसतो.
वजन तेच, दोनशे चार,
गॅसच्या नळीतून चोरपावलांनी आलेला.
डर्व्हला पाऱ्याचा दुसरा भाऊ गाठते, दोनशे दोन,
त्याच्याकडून घरातली माणसं मोजून घेते
आणि वजा करते.
दुधाचं दूध, पाऱ्याचं पाणी.

झिरकॉन असता तर गोष्ट निराळी.
त्याच्या पोटात युरेनियम,
शिसं घरातच जन्मतं, घरातच वाढतं.
फेल्डस्पारला जन्मताना कुणी चिमूटभर दिलं
तेच मुठीत धरून बसलाय.
डोंगर झिजला. नदी आली, नदी गेली.
वाळूचा पुन्हा दगड झाला.
मूठ उघडली नाही.

आज चाळीस सेकंदांत उघडली.
मागे एक खड्डा,
केसाच्या जाडीचा.

दगड दिला होता फियाक्राकाकानं.
मेयोत तो बिनचुन्याच्या भिंती रचतो.
उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही,
त्याला भिंतीत जागा शोधायचीच,
असा त्याचा नेम.
हा तेवढा खाली ठेवला, एक कपचा काढला,
रुमालात बांधून तिच्या हातात दिला:
"आमच्याच खाणीतला.
याच्याहून जुना मेयोकर दाखव."

काच, नमुना, नमुना, पुन्हा काच.
ओळखीच्या काचेशी ताडून पाहिल्याशिवाय
यंत्राच्या शब्दावर विश्वास नाही.
पहाटे ठिपके आलेखावर उतरतात
आणि मेयोच्या डोंगरांजवळ पडत नाहीत.
पडतात ते पार लांब,
ग्रीनलंडकडच्या फार म्हाताऱ्या खडकांच्या शेजारी.
पक्कं नाही. जुळतंय, इतकंच.
आणखी तीस कण हवेत, आणखी दोन रात्री.
वहीत ती प्रश्नचिन्ह काढते,
शिसपेन्सिलनं,
जिच्यात नावालाही शिसं नाही.

फोनवर ती सांगते:
तेव्हा मधे समुद्र नव्हता रे.
नदी सरळ चालत आली असेल.

काका बराच वेळ गप्प.
मागे कुत्रं भुंकतं. हातोडीचा एक ठोका.
"म्हणजे आमच्या सात भावंडांतली पाच
पश्चिमेला गेली, बॉस्टनला, कुठेकुठे,
आणि दगड तेवढे
तिकडून इकडे आले."

हसला की काय, कळत नाही.

"मग काढू का याला भिंतीतून?"
"नको."
"तसाही निघायचा नाही," तो म्हणतो,
"वर दोन थर चढलेत."