अर्धा वळसा

कळंबोलीच्या स्टील मार्केटात
कॉइल सकाळीच चढवून झाल्या होत्या.
बिल्टी खिशात, टायरची हवा तपासलेली.
निघायच्या आधी तेल बघावं म्हणून
गेजची पट्टी ओढली,
तर आली सुखानं बाहेर.
चिंधीनं पुसली, परत घालायला गेलो,
चार बोटं अलीकडंच अडली.

पुन्हा. पुन्हा.
जोर लावला तशी कमानीसारखी वाकली.
इलाही म्हणाला, "शेठ, मोडंल."
हा पोरगा मला शेठ म्हणतो.
एका ट्रकचा शेठ, तोही जुना,
सतरा हप्ते बाकी.

हिराजी मढवी आले, खांद्यावर फडकं.
कॅबिन पुढं कलंडवली,
एक डोळा मिटून पाइपात टॉर्च मारला,
शेजारच्या घरात डोकावावं तसा.
ओ-रिंग काढली, फुगलेली,
रात्रभर भिजवलेल्या वालासारखी.
नवी बसवली.
कीस आत पडू नये म्हणून आधी ग्रीसची चिंधी कोंबली,
मग पाइपाचं तोंड कानशीनं घासलं.
पट्टीला तेलाचं बोट लावलं.
तरी चार बोटं.

"पाइपच वाकरा हाय," मढवी म्हणाले,
"नवा तुर्भ्याला भेटंल. उद्या."

उद्या.
आणि जालन्याच्या पार्टीचे फोन आजच तीन.
पत्र्यावर हात टेकवत नव्हता,
माथाडी क्रेनच्या सावलीत डबे उघडून बसलेले,
त्यातला एक मधूनच सल्ला देत होता,
"हातोडी मारा की हलकीशी."

विचारायला एकच माणूस उरला होता
आणि त्यालाच फोन करायचा नव्हता.
दिगंबर खांडेभराड. आधीचा मालक.
व्यवहाराच्या दिवशी, अगदी शेवटी,
फाटक्या ताडपत्रीपायी
चार हजार कापले होते मी.
त्यानं नोटा मोजल्याच नाहीत,
तशाच घडी करून खिशात टाकल्या
आणि चहा अर्धा सोडून उठला.

"पट्टी ना?" तो म्हणाला,
मी काही सांगायच्या आत.
"कसारा घाटात ब्रॅकेट तुटलं होतं तिथलं,
तारेनं बांधून घरी आणली गाडी.
तेव्हापासून पाइपाला पोक आलंय.
सरळ जायची नाही ती.
इंजिनाकडं पाठ करून घाल.
अडली की अर्धा वळसा दे,
आणि हात सोड.
ढकलू नको. सोड."

सोडला.
टक्.

मढवी काही बोलले नाहीत,
फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.
पैसे फक्त ओ-रिंगचे घेतले.

"किती दाखवतंय?" फोन अजून चालूच होता.
काढली, पुसली, घातली, काढली.
"वरच्या रेघेच्या जरा खाली."
"मग ठीक."
मग कुणीच काही बोललं नाही.
तिकडं कुठंतरी शटर ओढल्याचा आवाज,
लहान पोराचं रडणं.
"तिसरा गिअर सकाळी कुरकुरतो का अजून?"
"कुरकुरतो."
"हं.
ठेवतो," म्हणाला. ठेवला नाही.
मग ठेवला.

चार हजारांचं नाव त्यानं काढलं नाही.
मीही नाही.

इलाहीनं कुठूनसा पांढरा ऑइलपेंट आणला,
पट्टीच्या कडीवर, पाठीच्या बाजूला
एक ठिपका दिला मी,
पुढच्याला कुणाला फोन करावा लागू नये म्हणून.

मग वर चढलो, ताडपत्री उलगडायला.
घडी उलटी पडली आणि दिसलं:
फाटलेल्या जागी, आतल्या अंगानं
ठिगळ होतं, दुहेरी दोऱ्याचं,
टाके बारीक, एकाला एक लागून,
कुणीतरी दुपारभर बसून घातलेले.
वरून बघितलं तर फक्त फाटलेलं दिसतं.
मी वरूनच बघितलं होतं.

खालून इलाही ओरडत होता,
"दोर टाका शेठ, दोर."