उजवा दिवा

आधी काच घासायची.
चौदा हिवाळे रस्त्यावरचं मीठ खाऊन ती पिवळी पडली आहे,
आतला दिवा असून नसल्यासारखा.
आठशेचा पॉलिश पेपर, मग पंधराशेचा, मग दोन हजारचा,
दर वेळी पाण्यात बुडवून.
बादली दुधाळ होत जाते.
आई शेडच्या दारात, अंगात बाबांचा चौकड्यांचा शर्ट:
"अगं, भोक पाडशील."

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
नोव्हेंबरात साडेचारलाच दिवेलागण,
आणि अंधारात मूस उभे असतात.
घोड्याहून उंच, डांबराच्या रंगाचे,
पाय इतके लांब
की उजेड पोटाखालून निघून जातो, पत्ता लागत नाही.
मार्चपासून आई रात्री गाडी काढत नाही.
बुधवारचा पत्त्यांचा डाव बुडतो.
तिची खुर्ची म्हणे ॲम्ब्रोजच्या बहिणीने बळकावली.
हे तिला बाबा गेल्याहून जास्त लागलंय
असं ती म्हणते,
आणि मी ते खरं धरून चालते.

नवा बल्ब सोवळ्यातला.
उघड्या बोटांनी शिवायचं नाही;
बोटाचं तेल राहतं, तिथेच तापतं, तिथेच तडकतं.
जुनी वायर बारीक, वीज वाटेतच दमते,
म्हणून बॅटरीपासून थेट नवी, जाड,
मध्ये फ्यूज, मध्ये रिले.
दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या, अर्धा तास त्यात गेला.
शिव्या दिल्या त्याही बाबांच्याच ठेवणीतल्या.
शेवटी रिले टक् म्हणाला
आणि मी एकटीच हसले.

मग भिंत.
गाडी सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस फूट,
टाकी अर्धी, टायरांत हवा पुरी,
चालवणाऱ्याच्या जागी चालवणाऱ्याचं वजन.
आई बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर,
निघाल्यासारखी.
मी चिकटपट्टी लावायला गेले तर फळ्यांवर पेन्सिलच्या खुणा.
'डावा', 'उजवा', खाली वर्ष.
डाव्याची फुली जिथे हवी तिथेच.
उजव्याची वीतभर बाहेर, वर चार बोटं उंच,
कुठल्याच पुस्तकात नसेल अशी.
मला वाटलं, चुकले.
बाबा न मोजताच कापायचे, फळ्या काय, माझे केस काय.
मी स्क्रू फिरवून दोन्ही दिवे एका ओळीत आणले,
प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे.

आईने खिडकी खाली केली.
"उजवा बाहेर असू दे."
का?
"मूस काही रस्त्याच्या मधोमध उगवत नाही.
चर चढून येतं. लिअँडर म्हणायचा,
रस्ता तुला पाठ आहे, व्हर्ना. कडेला बघ."

उंच नको, मी म्हटलं, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.
थोडी घासाघीस झाली.
बाहेर वीतभर; वर अजिबात नाही.
अर्धा वळसा. पाव. आणखी थोडा.
ती आतून बोटाने दाखवत होती, तिकडे, तिकडे,
जणू भिंतीपलीकडे कोणी उभं आहे.

बुधवारी ती चालवत होती, मी शेजारी.
डावा दिवा रस्ता बघत होता, तो होताच जागेवर.
उजव्यात एकेक येत गेलं:
चरातलं गोठलेलं पाणी, वठलेलं बुंधं,
कुणाची तरी पालथी होडी,
टपालपेटीवरचा अर्धा पुसलेला आकडा.
आई पुटपुटत होती, हो, हो,
हजेरी घेतल्यासारखी.
मूस एकही नाही.

पत्त्यांचं सभागृह उजव्या हाताला.
गाडी थांबली. इंजिन बंद केलं, दिवे नाही.
खिडकीत ॲम्ब्रोजच्या बहिणीने
हातातला डाव डोळ्यांवर धरला.
मी म्हटलं, आई, दिवे.
"राहू दे जरा," ती म्हणाली,
"बॅटरी नवी आहे ना?"