पाणी ओतणारा

सकाळी सव्वानऊ. मोंतेविदेओ, जुन्या बंदरामागं
लोकरीच्या गोदामाचं झालेलं ऑफिस.
एल्बिओ काखेत थर्मास दाबून येतो.
आम्ही सहाजण फळ्यासमोर उभे;
खुर्च्या त्यानं पहिल्याच आठवड्यात भिंतीला लावल्या.

भोपळ्याच्या भांड्यात येर्बाचा पाला, धातूची नळी.
पहिलं पाणी तोंड वाकडं करणारं,
ते ओतणाऱ्यानंच प्यायचं, असा इथला रिवाज.
एल्बिओ पितो. कपाळाला आठी नाही.
मग भांडं फिरतं, आणि ज्याच्या हातात भांडं
त्यानंच बोलायचं:
काल काय झालं, आज काय, कुठं अडलंय.
लांबण लावलीस तर पाणी निवतं,
शेजारी घसा खाकरतो.

हा माणूस नक्की करतो काय,
मी लूर्देसला विचारलं होतं.
कोडची एक ओळ लिहीत नाही, कामं वाटत नाही,
साहेब म्हणावा तर याच्या हाती ना पगार, ना रजा.
लूर्देस म्हणाली, तो नसेल त्या दिवशी बघ.
आणि तो तर रोज असायचा.

आमचं सॉफ्टवेअर दुधाचं.
कुठल्या गोठ्याचं दूध आधी उचलायचं,
टँकरनं कुठली वाट धरायची.
मार्चमध्ये, उन्हाळा सरता सरता,
नवी आवृत्ती गेली आणि अकरा टँकर
सारान्दीजवळच्या एकाच फाटकापाशी
एकामागं एक येऊन उभे राहिले.
बाकीच्या गोठ्यांत दूध तापत होतं.

सहकारी संघाचा फोन एल्बिओनं बाहेर जिन्यात घेतला.
काचेतून दिसत होतं: बराच वेळ तो नुसता ऐकत होता.
आत आला, म्हणाला,
"चार तास आहेत. कुणाला काय दिसतंय?"
कुणी केलं, हे नाही.
तीस वर्षं त्यानं बँकेसाठी कोड लिहिलेला,
मायकोलच्या खांद्यावरून त्याला बग दिसला असावा,
कारण त्यानं दोन्ही हात खिशात घातले
आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.
मायकोलला तो तासाभरानं सापडला.
तो एक तास मी अजून एल्बिओला माफ केलेला नाही.
(मायकोलनं केलाय.)

त्यानंतर आम्ही दुधानं तोंड पोळलेले.
दोन दिवसांच्या कामाला आठ दिवस सांगायचो,
ताकाला फुंकर, पाण्यालाही फुंकर.
एल्बिओ आकडे लिहून घ्यायचा,
फक्त भांडं जरा सावकाश फिरायचं.

एका सकाळी यामान्दूनं पहिल्याच फेरीला
भांडं परत देताना म्हटलं, "ग्रासियास."
इथं त्या वेळी आभार मानले
की अर्थ होतो: पुरे, मला आता नको.
यामान्दू एरवी थर्मास संपेपर्यंत पिणारा.
आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.
एल्बिओनं थर्मासचं झाकण लावलं,
त्याला म्हणाला, चल, नदीकाठी जाऊन येऊ.

काय बोलले, ठाऊक नाही.
तिथली नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही,
माणसं शेजारी बसून एकाच दिशेला बघतात,
एकमेकांकडे बघावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी यामान्दूनं भांडं हातात धरून ठेवलं.
"टेस्ट लाल होती. तारीख जवळ आलेली.
मी ती बंद केली."
पाणी निवलं. कुणी खाकरलं नाही.
मग रोसिना म्हणाली, "एक मीपण केलीय."
मायकोल म्हणाला, "दोन."
कुणीतरी हसलं, बहुधा मीच.
एल्बिओनं नवीन पाणी ओतलं.

आता तो पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या टीमकडे असतो.
जायच्या आदल्या आठवड्यात एकदा आलाच नाही.
बस चुकली, असा निरोप.
नंतर कळलं, खालच्या कॅफेत बसून वर्तमानपत्र वाचत होता.
टेबलावर मात्र थर्मास भरलेला, भोपळा, पाला.
आम्ही सहाजण उभे. सव्वानऊ. नऊ अठरा.

मीच ओतलं.
पहिला घोट घेतला,
माझं तोंड वाकडं झालं आणि ते सगळ्यांनी पाहिलं.
पुन्हा पाणी ओतलं,
नळी यामान्दूच्या बाजूला वळवली
आणि भांडं पुढं केलं.